डब्यात उरलेला एक लाडू

नाशिकच्या निवासी शाळेत सातवीला दाखल झालो तेव्हा माझ्या अंगी सांगण्यासारखा एकच गुण होता. मला चांगलं रडता यायचं. बाकी पळण्यात मी मागे, गणितात त्याहून मागे, आणि कवायतीत तर सगळी रांग डावीकडे वळली की मी एकटा उजवीकडे तोंड करून उभा. पीटीचे सर म्हणायचे, "याला मधल्या रांगेत घ्या रे. कडेला ठेवला तर चालत चालत गुजरातेत जाईल."

आमचं गाव कळवण तालुक्यातलं. शेजारच्या मळ्यातला एक मुलगा याच शाळेत राहून पुढे इंजिनियर झाला होता, आणि तेवढ्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं भविष्य ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही, आईलाही नाही. वर अण्णांनी ही बातमी पारावर सांगितली, सोसायटीत सांगितली, लासलगावला कांदा घेऊन गेले तर तिथे लिलावाला उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही सांगितली. त्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नाही. "एकदा सोडला म्हणजे सोडला," असं त्यांनी मला पिकअपमध्येच बजावलं. "रडला-पडला तरी आणणार नाय."

शाळेच्या फाटकापाशी अण्णा ट्रंक उतरवत होते तेव्हा आईने मला झाडाआड ओढलं. तिने हातात स्टीलचा डबा दिला. आत शेंगदाणे-गुळाचे लाडू होते. ती म्हणाली, "हे बघ, दर पंधरा दिवसांनी अण्णा माल घेऊन नाशकात येतील तवा तुला डबा देतील, आधीचा रिकामा घेऊन येतील. तुला नायच करमलं ना, तर त्या डब्यात एक लाडू तसाच ठेव. मी समजंल. मग मी येते तुला न्यायला, अण्णांचं मी बघते. पण कुणाला सांगू नको."

आईचा हिशेब अगदी सरळ होता. मी लाडू उरवला म्हणजे माझं पोटभर दुःख झालं, एवढं ती ओळखून होती. फोनवर काही सांगणं शक्य नव्हतं. मोबाइलला बंदी, आणि वसतिगृहाचा फोन रेक्टर सरांच्या टेबलावर. सर शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे आणि आपण "बरा हाय, जेवतो, अभ्यास करतो" एवढं बोलून फोन ठेवायचा. रेक्टर सरांसमोर कोणाच्याच पोराला कधी वाईट वाटलं नाही.

तर एक लाडू ठेवला की सुटका. इतकी सोपी सुटका फार कमी लोकांना मिळते. मी त्याच दिवशी ठरवलं की पहिल्याच डब्यात लाडू ठेवायचा आणि पंधरा दिवसांत घरी. ट्रंकेतले कपडेही मी सगळे बाहेर काढले नाहीत. उगाच परत भरायचा त्रास कशाला.

पण आमच्या हॉलचा एक कायदा होता, तो मला कुणी सांगितला नव्हता. आम्ही तीसेक पोरं एका लांबट हॉलमध्ये झोपायचो. कुणाच्याही घरून डबा आला की तो हॉलचा. मधल्या कॉटवर पेपर पसरायचा, डबा त्यावर उपडा करायचा, सगळ्यांनी घ्यायचं, आणि ज्याच्या घरचा डबा त्याने सगळ्यात शेवटी घ्यायचं. हा कायदा कुणी केला ते माहीत नाही, पण त्यात तडजोड नव्हती. सुरगाण्याकडच्या पोराच्या नागलीच्या पापड्या असोत की कुणा व्यापाऱ्याच्या मुलाचा काजू घातलेला चिवडा, मालक शेवटी. माझा पहिला डबा उपडा झाला तेव्हा मी वाट बघत उभा राहिलो, आणि माझी पाळी आली तेव्हा पेपरवर चुरा होता. मी तो चुरा बोटाने टिपून खाल्ला आणि नंतर पांघरुणात तोंड घालून रडलो. शेजारच्या कॉटवरचा सटाण्याकडचा मुलगा माझ्याकडे बघून त्याच्या अहिराणीत म्हणाला, "लाडू भारी शेत रे." मला वाटलं, याला उचलून आपटावं. पण तो माझ्या दुप्पट होता.

रिकामा डबा घेऊन अण्णा गेले. आईला काय वाटलं असेल ते मला दिसत होतं. पोरगं रमलं.

दुसऱ्या डब्याच्या वेळी मी हुशारी केली. फाटकापासून हॉलपर्यंत येता येता एक लाडू काढून मोज्यात घातला आणि मोजा ट्रंकेच्या तळाला. चार दिवसांनी सकाळच्या घाईत तोच मोजा पायात चढवून मी प्रार्थनेला गेलो. लाडवाचा चुरा झाला होता आणि त्यात मुंग्यांनी आपलं बस्तान बसवलं होतं. प्रार्थना डोळे मिटून, हात जोडून, अजिबात न हलता म्हणायची असते. मी ती ज्या पद्धतीने म्हटली त्यावरून मुख्याध्यापकांनी नंतर मला बोलावून विचारलं, की तुला फिट येतात का.

तिसऱ्या वेळी लाडू कंपासपेटीत ठेवला. पेटी बंद होईना म्हणून तिच्यावर बसलो. पुढचा पूर्ण महिना माझ्या वर्तुळांना गुळाचा वास येत होता.

चौथ्या वेळी मात्र सगळं जमलं. लाडू अखंड होता, कोरड्या रुमालात बांधलेला, उशीच्या अभ्र्यात. कुणाला पत्ता नाही. पण अडचण अशी होती की घरची आठवण आली की मला भूक लागायची. संध्याकाळी अभ्यासाचा तास सुरू झाला, बाहेर कुठेतरी कुणी गाईला हाक मारल्यासारखं वाटलं. आता आई काय करत असेल, चूल पेटवत असेल, असं मनात येता येता मी हॉलमध्ये गेलो, रुमाल सोडला आणि तो लाडू खाल्ला. शेवटचा घास गिळताना लक्षात आलं की मी काय खाल्लं. घरी जायच्या ओढीने मी घरी जायची एकमेव सोय खाऊन टाकली होती. लोक म्हणतात अडला हरी. मला अडवायला दुसऱ्या कुणाची गरजही नव्हती.

अण्णा दर वेळी खुशीत सांगायचे, "डबा चाटूनपुसून येतो. आई तुझी लय खूश." आणि पुढचा डबा आधीच्यापेक्षा मोठा यायचा. मोठा डबा बघून हॉलमध्ये माझा भाव वाढला. मी आत आलो की पोरं सरकून जागा द्यायला लागली. मला त्या मानाचं काही नाही असं मी मनाशी म्हणायचो, पण जागा मिळाली की बसायचो.

मग गणपती जवळ आले. आमच्या वसतिगृहाचा गणपती मोठा आणि त्यात विसर्जनाच्या आधी एक नाटक व्हायचं. पालकांना बोलावणं जायचं. मराठीचे सर नाटक बसवायचे. त्या वर्षीचं नाटक त्यांनीच लिहिलं होतं. मुलगा फौजेत जातो, आई घरी झुरते, असा सगळा मामला. मुलांची शाळा, त्यामुळे बाईचं काम करायला कुणी तयार नाही. सरांनी सगळ्यांना मेसमध्ये बसवून विचारलं, "आईचं काम आहे. भरपूर रडायचंय. कुणाला जमेल?" आणि त्या क्षणी माझ्या हॉलच्या सगळ्या पोरांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं. मी समजत होतो की पांघरुणातलं माझं रडणं गुपित आहे.

सरांनी मला उभं केलं आणि रडून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मेसमधल्या मावशी पोळ्या लाटायच्या थांबल्या. सर चष्मा पुसत म्हणाले, "बास, बास." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी एखाद्या गोष्टीसाठी लगेच निवडलं होतं, आणि तेही रडण्यासाठी.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. ज्या पोराला कवायतीत कडेला उभं करत नव्हते, तो आता मध्ये उभा आणि बाकीचे त्याच्या भोवती. सटाण्याकडचा तो धिप्पाड मुलगा नाटकात माझा फौजी मुलगा होता. तो माझ्या पाया पडायचा तेव्हा मला फार बरं वाटायचं. मी मेसच्या मावशींकडे बघून पदर कसा सावरतात ते शिकलो. ट्रंकेतले उरलेले कपडे केव्हा बाहेर आले आणि कपाटात गेले, ते मला सांगता येणार नाही. लाडवाचा विषय तर डोक्यातून पार गेला. पार म्हणजे पार.

सरांनी माझ्या घशाची फार काळजी घेतली. नाटक होईपर्यंत गोड बंद, शेंगदाणा बंद, तेलकट बंद. त्याच सुमाराला डबा आला. मला वाटलं, चला, हॉलची चैन झाली. पण हॉलने सभा घेतली. कायदा असा की मालकाने शेवटी घ्यायचं. मालकाला आत्ता घेता येत नाही. म्हणजे शेवट अजून झालेला नाही. म्हणून त्यांनी एक लाडू डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्या फौजी मुलाच्या ताब्यात दिला. तो मला म्हणाला, "तुना लाडू शे. नाटक झाल्यावर खा." पंधरा दिवस त्या लाडवाला कुणी हात लावला नाही. ज्या पोरांनी चुराही सोडला नव्हता, त्यांनी. मला इतकं भरून आलं की मी तेवढ्यावर पुढची तालीम निभावली.

रविवारी अण्णा आले तेव्हा मी तालमीत होतो. त्यांना घाई होती, पिकअप द्वारका चौकातल्या गर्दीत कुणाच्या तरी भरवशावर उभी होती. फौजी मुलाने नवा डबा घेतला आणि जुना त्यांच्या हातात दिला. लाडवासकट. त्याच्या बाजूने त्याने चांगलंच केलं, पाहुण्याला ताटकळत ठेवलं नाही.

सोमवारी दुपारी मेसमध्ये पडद्याची तालीम होती. पडदा म्हणजे दोन चादरी. मी सरांच्या बायकोची साडी नेसलो होतो, म्हणजे सरांनी ती माझ्या अंगावर कमरेच्या पट्ट्याने आवळली होती. प्रवेश शेवटचा. मी जमिनीवर बसून ऊर बडवत म्हणत होतो, "मला एकदा माझ्या घरी न्या हो. माझ्या लेकराचं तोंड बघू द्या." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, कारण मी कलाकार होतो.

"कुणी मारलं माझ्या पोराला?"

दारात आई उभी होती. तिच्या काखेत बाजाराची मोठी पिशवी होती, रिकामी, घडी केलेली. ती पहाटे निघून एकटी एसटीने आली होती. त्याआधी ती एकटी कळवणच्या पुढे कधी गेली नव्हती. मेसमध्ये तिला काय दिसलं असेल याचा विचार करा. तिचं पोर बाईची साडी नेसून जमिनीवर पडलंय, घरी न्या म्हणून टाहो फोडतंय, आणि भोवती तीस पोरं आणि एक मास्तर शांतपणे बघतायत.

ती तडक सरांच्या अंगावर गेली. "एवढ्या लांब लेकरू ठेवलं ते ह्याच्यासाठी? लाज नाय वाटत तुम्हाला?" सर बिचारे "अहो ताई, अहो ताई" करत खुर्चीमागे गेले. शेवटी मीच तिचा हात धरला आणि म्हणालो, "आई, नाटक हाय. गणपतीचं. मी आईचं काम करतोय."

मग हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंड जवळ आणून, तिने विचारलं, "आन् लाडू?"

मी म्हणालो, "कुठला लाडू?"

हे दोन शब्द मला परत घेता आले असते तर मी बाकीचं सगळं आयुष्य आहे तसं राहू दिलं असतं. तिचा चेहरा पडला नाही, काही झालं नाही. फक्त तिने काखेतली पिशवी पदराखाली घेतली. तेव्हा मला आठवलं. झाडाआडचं बोलणं, मोजा, कंपासपेटी, सगळं एकदम आठवलं. तीन महिने मी ज्याच्यासाठी मुंग्या चावून घेतल्या ते माझ्यासमोर पिशवी घेऊन उभं होतं.

"चल," ती म्हणाली. "अण्णांशी मी भांडून आले. आत्ता निघालो तर बस मिळंल." तिने ते अगदी साधं सांगितलं, पण तिच्या डोळ्यांत मी कधी न बघितलेली आशा होती. माझं उत्तर काय असायला हवं ते मला माहीत होतं. मी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली आणि म्हणालो, "शनिवारी नाटक हाय."

"बरं," आई म्हणाली.

मग माझ्या साडीकडे बघून तिने चक् केलं. "ही कुणी नेसवली? अशी का नेसतेत? चालशील तवा पायात येईल." तिने माझा पट्टा सोडला, साडी सोडली आणि सगळ्यांसमोर मला परत नेसवायला घेतली. निऱ्या बोटांत घेऊन तिने त्या एकसारख्या केल्या, खोचल्या, पदर डोक्यावरून घेऊन कानामागे दाबला. मला घरी न्यायला आलेली बाई गुडघ्यावर बसून मला तिथल्यासाठी तयार करत होती. मला तेव्हा खरं रडू आलं, पण सरांना वाटलं मी भूमिकेत आहे. ते म्हणाले, "हे असंच ठेव शनिवारपर्यंत."

नंतर हॉलमध्ये तिने पदराच्या गाठीतून तो लाडू काढला. पुरावा म्हणून आणला असावा. माझ्या फौजी मुलाने लगेच पेपर पसरला, त्याला काय कल्पना. आईने लाडू फोडला आणि एकेकाच्या हातावर ठेवत गेली. तिच्या घरचा डबा, म्हणून कायद्याप्रमाणे ती शेवटी. उरला तो तळहाताला चिकटलेला कूट. तिने तो चाटला आणि म्हणाली, "गूळ जास्त झालाय जरा." सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मेसच्या मावशींनी मग तिला जेवू घातलं.

निघताना तिने पिशवी उघडली आणि म्हणाली, "मळकी कापडं तरी दे. रिकामी कशी नेऊ?" मी कॉटखालचे सगळे मळके कपडे तिच्या पिशवीत कोंबले. पिशवी फुगली. फाटकापर्यंत मी साडीतच गेलो आणि वॉचमनने मला ताई म्हणून वाट दिली. आई त्यावर हसली. मग ती रिक्षात बसली.

शनिवारी नाटक झालं. मी इतका रडलो की पहिल्या रांगेतल्या रेक्टर सरांनीही डोळे टिपले, आणि पुढची तीन वर्षं गावजेवणापासून मयतापर्यंत मला लोक त्या रडण्यावरूनच ओळखत. अण्णा आले होते, एकटेच. छाती काढून सगळ्यांना सांगत होते, "आमचाच हाय तो. ती बाई." मी विचारलं, आई का नाही आली. ते म्हणाले, "म्हणली, मी बघितलंय ते."

मग त्यांनी धुतलेल्या कपड्यांची पिशवी माझ्याकडे दिली. सगळे कपडे घडी करून, वर लाडवांचा डबा. "एक सदरा तेवढा राहिला," अण्णा म्हणाले. "धुवायचा राहून गेला म्हणली. पुढच्या येळेला देते."

पुढच्या वेळेला तो आला नाही. त्याच्या पुढच्या वेळेलाही नाही. माझ्याकडे गणवेशाचा एकच सदरा उरला होता, तो मी रात्री धुऊन सकाळी ओलाच घालायचो, पण अण्णांजवळ विषय काढला नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा तो सदरा आईच्या खोलीत दारामागच्या खुंटीला होता. मळकाच होता, कॉलरवर माझ्या घामाची रेघ तशीच. सुटी संपली, ट्रंक भरली, आणि मी तो तिथेच राहू दिला.